खिळ्यावरची उष्टी रोटी

टूरिस्टांना ताश्कंद दाखवून दाखवून मिर्झोहिदच्या जिभेला ती पोपटपंची इतकी चिकटली होती, की डोकं ठिकाणावर नसलं तरी तोंड चालू राहायचं. म्हणून तर काल दुपारी निभावलं. भूकंपाच्या स्मारकापाशी बिर्गिटबाई फोटो काढत होत्या, आणि त्याला मॉस्कोहून फोन आला. त्याच्या मुलाच्या, इल्योरच्या खोलीत राहणारा पोरगा हुंदके देत सांगत होता, की सकाळी इल्योर बांधकामाच्या परांचीवरून पडला आणि जागच्या जागी गेला. शवपेटी परवा संध्याकाळच्या विमानाने येईल.

मिर्झोहिदने फोन खिशात ठेवला आणि बाईंना बाजारात नेलं. दुसरं काय करणार होता तो? रोट्यांच्या दुकानांपुढे उभं राहून त्याने नेहमीचं सगळं सांगितलं. आमच्यात रोटी कधी पालथी ठेवत नाहीत, कचऱ्यात तर नाहीच टाकत. शिळी, वाळकी झाली की पाण्यात भिजवायची आणि पाखरांना घालायची. बिर्गिटबाई जर्मनीतल्या निवृत्त शिक्षिका, शाळेत शिकलेलं रशियन अजून बऱ्यापैकी बोलायच्या. हुशार विद्यार्थिनीसारखी मान डोलवत त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

बाईंचा मुक्काम त्याच्याच घरी होता. संध्याकाळी सलोमतने पुलाव वाढला. बायकोला कसं सांगायचं, हे मिर्झोहिदला सुचत नव्हतं. आजची रात्र तरी झोपू दे बिचारीला, असं त्याने स्वतःला समजावलं. खरं तर धीर नव्हता, दुसरं काही नाही. तिला संशय येऊ नये म्हणून त्याने पुन्हा भात मागून घेतला आणि वर मटण छान शिजलंय म्हणाला.

स्वयंपाकघरात, चुलीच्या वर, खिळ्याला इल्योरची रोटी टांगलेली होती. तो कामाला निघाला त्या दिवशी सलोमतने ताज्या रोटीचा एक घास त्याला दारातच खायला लावला होता, आणि उरलेली जपून ठेवली होती. लांब जाणाऱ्याने रोटी अशी उष्टी करून ठेवायची, म्हणजे ती संपवायला त्याला परत यावंच लागतं. गल्लीत ज्याचं कुणी बाहेरगावी आहे, त्या प्रत्येक घरात अशी एक रोटी असते. सलोमत रोज तिच्यावरची धूळ पुसायची. फोन आला नाही की तिच्याकडेच बघून पोराला शिव्या घालायची.

सकाळी मिर्झोहिद तोंड धुवायला बाहेर आला. जर्दाळूच्या झाडाखाली बिर्गिटबाई वाडगा घेऊन बसल्या होत्या. भोवती कबुतरांची झुंबड उडाली होती.

"बघा," बाई हसून म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत अगदी तसंच केलं. भिंतीवरची रोटी वाळून कडक झाली होती, कुणीतरी चावलेलीही होती."

त्याने वळून स्वयंपाकघरात पाहिलं. खिळा रिकामा होता.

तेवढ्यात सलोमत दूध घेऊन फाटकातून आत आली. तिने वाडगा पाहिला, कबुतरं पाहिली, आणि तीही खिळ्याकडे बघून आली. पाहुण्यांपुढे आजवर कधी आवाज न चढवलेली बाई! पण तिने बिर्गिटबाईंकडे बोट दाखवलं.

"हिने माझं पोर खाल्लं," ती म्हणाली.

बिर्गिटबाईंना शब्द कळले नाहीत, चेहरा कळला. आपलं काय चुकलं, असं त्या मिर्झोहिदला पुन्हा पुन्हा विचारू लागल्या. तो गप्प राहिला, आणि त्या गप्प राहण्यात त्याला एक पळवाट दिसली. नुसतं तोंड मिटून राहायचं. उद्या पेटी येईल, खापर या परक्या बाईवर फुटेल, तोवर ती समरकंदच्या गाडीत बसलेली असेल. तुला कधी कळलं, हे मग कोण विचारतंय? विचार नीच होता. त्याची त्याला लाज वाटली, तरी तो जाईना.

सलोमतने ओढणीच्या टोकातून फोन काढला. "सांगते त्याला, आज कामावर जाऊ नकोस. उंचावर तर चढूच नकोस. खोलीत बसून राहा म्हणावं." नंबर लागत नव्हता. ती पुन्हा पुन्हा दाबत राहिली.

मग मात्र मिर्झोहिदला राहवेना. त्याने तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"सलोमत, या बाईचा काही दोष नाही. तो कालच पडला. रोटी खिळ्यावरच होती तेव्हा."

सलोमत रडली नाही.

"तुम्हाला कधी कळलं?"

"काल दुपारी."

"जेवायच्या आधी?"

"हो."

"आणि तुम्ही भात मागून घेतलात."

 ती झाडाखाली गेली, हातांनी कबुतरं हाकलली आणि गुडघ्यांवर बसून मातीतले ओले तुकडे वेचून ओढणीत भरू लागली. बिर्गिटबाई काही न कळताच तिच्याशेजारी बसल्या आणि त्याही वेचू लागल्या. सलोमतने त्यांना अडवलं नाही, आपल्या ओढणीचं टोक त्यांच्यापुढे धरलं.

"कधी आणतायत त्याला?" तिने मान वर न करता विचारलं.

"उद्या संध्याकाळी."

"म्हणजे येतोय," ती म्हणाली. "मग त्याची रोटी त्याच्यासोबतच जाऊ दे." आणि वाडग्याच्या तळाला चिकटलेला चुरा ती नखाने खरवडून काढू लागली.