बिनगोळीची ओळ

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कोणी शेंडी लावून दाखवावी! नाव तोताराम, पण दुसऱ्याचं बोलणं घोकणाऱ्यांतले ते नव्हेत. रावेरात केळीचं नवं औषध आलं की विकणाऱ्याला सांगणार, "डोस देतो भाऊ, पन एक ओळ बिनडोसाची सोडीन. घड निघाले का दोन्ही ओळी तोलू. तवर तू चहा पी."

यंदा घरात दोघी सुना गरोदर. मी, कामिनी, आणि माझी धाकटी जाऊ डिंपल. तपासणीत दोघींचं रक्त कमी निघालं, माझं तर आठावरच. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि दम भरला, "एवढ्या कमी रक्तात बाळंतपणी रक्तस्राव झाला तर जिवावर बेतेल." मी घाबरले, खोटं कशाला बोलू? घरी येताच गोळी घेतली.

पण डिंपलच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. गोळीनं संडास काळी होते, हे तिनं सासूबाईंना सांगून टाकलं. झालं!

"व माय! आतून इतकं काळं करते, तं लेकरू कसं निघीन?" सासूबाई ओरडल्या, आणि दोघींच्या गोळ्या उचलून कपाटात कुलपात घातल्या. आमच्या सुगंधाबाईंशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. मी आबांना गाठलं.

पुढच्या तपासणीला आबा स्वतः आले आणि खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, बिनगोळीची ओळ ठिवली होती का कोनी?"

मला तर वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. मॅडम आधी गोंधळल्या. आबांनी त्यांना केळीची बाग समजावली, तेव्हा मनापासून हसल्या. "ठेवली होती, आबा. कितीतरी देशांत हजारो बायकांवर पाहून झालंय. काहींना गोळ्या दिल्या, काहींना नाही. गोळ्या घेतल्या त्यांचं रक्त भरलं. आणि संडास काळी होते ती अंगात न मुरलेल्या लोहानं. बाळाचा रंग आईबापाकडून येतो."

आबांचं समाधान झालं. घरी येऊन त्यांनी हे सगळं सांगितलं, पण सासूबाईंचं कुठलं व्हायला!

"त्या बाया कुठच्या? आपल्या रावेरच्या होत्या का? तुम्हीच म्हनता नं, पाचोऱ्याचं औषध आपल्या मातीत लागू पडत नाही!"

घ्या! आबांना त्यांच्याच शब्दांत पकडलं. मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला.

आबा म्हणाले, "बरोबर आहे तुझं. मंग घरचीच ओळ लावू." आणि आम्हा दोघींना ओसरीवर शेजारी शेजारी बसवलं. "ह्या दोन सुना. एकीले गोळी द्यायची, एकीले नाही. बाळंतपनं झाले का पाहू. बिनगोळीची कोनती सोडू, तू सांग."

आबा थट्टा करतायत की खरंच बोलतायत, काही कळेना. त्या माणसाचा चेहरा लग्नातही तसाच आणि मयतीतही तसाच. डिंपलनं माझा हात गच्च धरला.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग डिंपलकडे. परत माझ्याकडे.

"माझ्या सुना म्हंजे तुमच्या केळी आहे का?"

"नाही. पन गोळी नसली तं काही होत नाही, असं तूच म्हनते. मंग घे नं एकीचं नाव. काबरं थांबली?"

त्यांचे ओठ हलले, पण नाव काही निघेना. डोळेच भरून आले.

"नका हो माझा जीव खाऊ! मले भेव वाटते!"

तशाच उठल्या. कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं आणि गोळ्या, पाण्याचा तांब्या घेऊन आमच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"आ करा दोघी. लेकरू काळं होवो का निळं होवो, मले माझ्या दोन्ही सुना घरी परत पाहिजे."