फुकटचा रंग

“हिरवं तिकीट... हिरवं तिकीट कुणाचं गं बायांनो, कोंबडी वाट बघतेय तुमची.”

शुक्रवारची संध्याकाळ झाली की मुलानूक गावाच्या मोठ्या रस्त्यावर भोंग्यातून हा आवाज घुमायचा आणि छोटी आयरिस वडिलांच्या खांद्यावर बसून तो ऐकायची. आवाज व्हीडामावशीचा. हॉटेलच्या व्हरांड्यात खुर्चीवर उभी राहून ती सेवा क्लबची सोडत पुकारायची. शेतांवरून आलेल्या गाड्या रस्त्याकडेला तिरप्या लागलेल्या असायच्या, दुकानांचे दिवे जळत असायचे, बायका उंबऱ्या-उंबऱ्याशी थांबून बोलायच्या. ज्याला कोंबडी लागायची तो ती तिथल्या तिथं कुणा नडलेल्या घराला देऊन टाकायचा आणि मावशी पुन्हा भोंगा तोंडाला लावायची.

मावशी गेली त्याला जमाना झाला. रस्ता तेवढाच रुंद राहिला, माणसं मात्र आटली. बँक गेली, कापडवाला गेला, न्हावी मुलीकडे राहायला गेला. काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटली आणि उन्हानं ती पिवळी पडली. गव्हाच्या कोठारांकडून वारा यायचा, तो या टोकानं शिरून त्या टोकानं निघून जायचा. त्याला घडीभर थांबवेल असं उघडं दार उरलं नव्हतं.

आयरिस किट्टोनं सारी उमर शाळेची बस चालवली. ज्या पोरांना तिनं धुक्यातून शाळेत नेलं, ती मोठी होऊन शहरात गेली. बसची नोकरी सुटली आणि सेवा क्लबचं अध्यक्षपद गळ्यात पडलं. पहिल्याच बैठकीत ती म्हणाली, हा रस्ता आपण उठवायचा. नेव्हिल खाटकानं विचारलं, “मेलेलं उठवायला पाद्री लागतो, बाई. तू तर ड्रायव्हर.” आयरिस म्हणाली, तुझ्यापासूनच सुरुवात करते, तू गेली दहा वर्षं झोपलायस. सगळे हसले. तिनं हसू दिलं, आणि हसून झाल्यावर कामं वाटून दिली.

तिच्या डोक्यात एक नाव होतं. सोफीप. कंबोडियाहून आलेली ही बाई हायवेवरच्या पेट्रोलपंपामागे पत्र्याच्या शेडमध्ये पाव भाजायची. पाव असा, की ट्रकवाले वाट वाकडी करून यायचे. पण शेडचा मालक ती पाडणार होता. सोफीपनं सरळ सांगितलं होतं, की कापणीपर्यंत मोठ्या रस्त्यावर जागा मिळाली तर राहते, नाहीतर शेजारच्या गावात जाते, तिथं जागा तयार आहे. एक भट्टी पेटली तर माणसं पावासाठी रस्त्यावर येतील. माणसं आली तर दुसरं दुकान उघडेल. आयरिसचा सगळा डाव या एका भट्टीवर होता.

रिकामी दुकानं पुष्कळ, पण छप्पर धड असलेलं एकच. क्लेम हॅस्लपचं हार्डवेअरचं. खिळ्यापासून नांगराच्या फाळापर्यंत सगळं तिथं मिळायचं, तेव्हापासूनची घट्ट बांधणी. बारा वर्षं ते बंद होतं. क्लेम समोरच्याच घरात राहायचा आणि रोज सकाळी दुकानापुढचा फुटपाथ झाडायचा. भाडं देऊ, डागडुजी क्लब करील, रंग क्लब लावील, असं आयरिसनं सांगून पाहिलं. तो म्हणाला, “नाही.” का, ते सांगितलं नाही. ती पुन्हा गेली. तेव्हा त्यानं नुसती नकाराची मान हलवली.

क्लेम क्लबचा सार्जंट होता. सार्जंट म्हणजे दंड करणारा. दर जेवणाच्या बैठकीत तो उठायचा आणि कुणी नवे बूट घातले म्हणून, कुणाचं नाव पेपरात आलं म्हणून, कुणाची गाय शेजारच्या बागेत गेली म्हणून एकेकाला दंड ठोठावायचा. दंड झालेल्यानं हसत उठायचं, डब्यात पिवळं नाणं टाकायचं आणि गप्प बसायचं. वाद घातला की दंड दुप्पट. डब्यातलं सगळं आजारी लेकरांना शहरातल्या इस्पितळात नेणाऱ्या गाडीसाठी जायचं. क्लेमची जीभ धारदार होती, पण जखम झाली असं कधी कुणी म्हटलं नाही.

वर्षातून एका रात्री मात्र पारडं फिरायचं. त्या रात्री सार्जंटला दंड. आयरिस उठली, चेहरा गंभीर केला आणि म्हणाली, “क्लेम हॅस्लपला दंड. गावाच्या तोंडावर दार लावून बसल्याबद्दल.”

हशा उसळला आणि अर्ध्यातच विझला. क्लेम उठला. त्याला बोलायची सोय नव्हती. नियम त्यानंच वर्षानुवर्षं चालवला होता. त्यानं नाणं टाकलं, गळ्यातली सार्जंटची साखळी काढून टेबलावर ठेवली, टोपी घेतली आणि तो गेला. पुडिंग तसंच राहिलं. थट्टेतून त्याला हलवता येईल असं आयरिसला वाटलं होतं. ज्याला उत्तर द्यायची मुभा नाही त्याला आपण भर पंक्तीत प्रश्न विचारला, हे तिला घरी जाताना कळलं.

दुसऱ्या दिवशी ती माफी मागायला गेली. दार उघडलं नाही. तिनं पायरीवर थांबून दाराशीच माफी मागितली आणि परत फिरली. पण रस्त्याचं काम तिनं थांबवलं नाही. क्लेम नाही तर नाही, बाकीचे व्हरांडे रंगवून घेऊ. सोफीपला रस्ता जागा होताना दिसला तर ती महिनाभर थांबेल, एवढी आशा होती.

त्याच आठवड्यात रंग आला. तासाभराच्या अंतरावर शहरात हार्डवेअरचं गोदामाएवढं दुकान होतं, सगळे त्याला गोदामच म्हणायचे. त्याच्या दारात क्लब दर महिन्याच्या एका शनिवारी सॉसेज भाजायचा. पावाच्या तुकड्यात सॉसेज, वर कांदा. इस्पितळाच्या गाडीचं बहुतेक डिझेल त्यातूनच निघायचं. गोदामवाल्यांनी क्लबचं कौतुक म्हणून रंगाचे डबे फुकट धाडले. नेव्हिलनं ते सावली बघून क्लेमच्या बंद दुकानाच्या व्हरांड्यात रचले. प्रत्येक डब्यावर गोदामाचं नाव, हाताएवढ्या अक्षरांत.

क्लेम झाडू घेऊन आला तेव्हा आयरिस समोरच्या फुटपाथवर शिडी लावत होती. त्यानं डबे पाहिले. वाकून वरच्या डब्यावरचं नाव बोटानं पुसल्यासारखं केलं. मग न झाडताच घरी गेला.

आयरिस शिडीवर तशीच उभी राहिली. तिला ते शनिवार आठवले. गोदामाच्या दारात सॉसेज भाजायला क्लेम कधी चुकला नाही, पण उभा राहायचा तो नेहमी दाराकडे पाठ करून. धूर लागतो, म्हणायचा. वारा कुठूनही असो, तो पाठच करायचा. आपण सगळे शेजारी उभे होतो, आणि कुणाच्या ध्यानात आलं नाही.

ती खाली उतरली, धूळ उडवत आपला ट्रक मागे घेतला आणि एकेक डबा उचलून आत चढवला. नेव्हिल धावत आला. फुकट आलेला रंग परत करायला तुझं डोकं फिरलंय का, असं त्यानं विचारलं. शनिवारचा तिथला धंदा पण सोडायचा, असं तिनं म्हटल्यावर तो खरोखर चिडला.

“आणि लेकरांची गाडी काय तुझ्या जिद्दीवर पळणार?”

“पळेल,” ती म्हणाली. “शेगडी इथं लावू. आपल्या रस्त्यावर.”

“इथं कोण खाणार? मॅगपाय पाखरं?”

“आधी मॅगपाय. मग माणसं.”

डबे पोचते करून, गोदामातल्या तरुण व्यवस्थापकाचे आभार मानून ती परत आली. शनिवारी पहाटेच तिनं शेगडी क्लेमच्या दुकानासमोर ओढली. सकाळ थंड होती. सोफीप पावाची टोपली घेऊन आली, नेव्हिल तोंड फुगवून का होईना, सॉसेज घेऊन आला. कांदा तव्यावर पडला आणि त्याचा वास रिकाम्या रस्त्यावरून हळूहळू चालत गेला, दारोदार थांबत, कुणी आहे का बघत. तासभर कुणी नाही. मग मेंढ्यांचा एक ट्रक थांबला. मग चर्चमधली एक म्हातारी. मग दोन गाड्या, तिरप्या लागल्या. गर्दी म्हणण्यासारखं काही नव्हतं. आयरिसनं पुढच्या शनिवारचीही पाटी लिहून ठेवली.

उन्हं वर आल्यावर क्लेमच्या घराचं दार उघडलं. तो रस्ता ओलांडून आला आणि तव्याकडे बघून म्हणाला, कांदा करपतोय. त्यानं आयरिसच्या हातातला चिमटा घेतला. उभा राहिला तो तोंड रस्त्याकडे करून.

सोफीपनं पावाचे तुकडे त्याच्यापुढे सरकवले. तिच्या माणसांत वडीलधाऱ्याला नावानं हाक मारत नाहीत. ती त्याला काकाच म्हणायची. सॉसेज उलटवणाऱ्या त्याच्या हाताकडे बघत तिनं सहज विचारलं, “काका, तुम्ही दुकान का बंद केलं हो?”

नेव्हिल खोकला. आयरिसला वाटलं, आता हा चिमटा ठेवून जाणार. मग तिच्या मनात आलं, जागा मागायला आपण कितीदा गेलो, पण एवढं साधं कधी विचारलं नाही. गावात कुणीच नाही.

“जागा तुला देतो, पोरी,” क्लेम म्हणाला. “भट्टी मागच्या खोलीत ठेव, तिथं खाली दगड आहे, वजन पेलेल. रंग मात्र माझ्या पैशानं लागेल.”

त्यानं एक सॉसेज उलटवलं. मग दुसरं. मग तो आयरिसकडे वळला.

“मोठं दुकान आलं की छोटं बसतं, त्याचा मला राग नव्हता. मी क्लबसाठी त्यांच्या दारात उभा राहायचो. ज्यांना मी जन्मभर उधारीवर बिजागऱ्या दिल्या, ते गाड्या भरभरून बाहेर यायचे. माझ्या हातून पाव घ्यायचे. कुणाला काही वाटायचं नाही. मी म्हटलं, चालायचंच, लेकरांची गाडी चालतेय ना. एके शनिवारी तू आलीस, आयरिस. निळी नवी हातगाडी ढकलत. तशीच माझ्या दुकानात दोन वर्षं पडून होती, तुझ्यासाठीच मागवलेली. तू सॉसेज घेतलंस, माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, क्लेम, तू नसतास तर या गावाचं काय झालं असतं. सोमवारी मी दुकान उघडलंच नाही.”