कडीवरचा हात

मित्रांनो, मी घाईत आहे. व्हर्लिनचा हात माझ्या झाकणाच्या कडीवर आलाय. ती उचलली जाण्याआधी मला सगळं आयुष्य सांगून टाकायचंय.

मी एक जुनं पोलादी पिंप आहे. एकोणीस लिटरचं, दोन तोंडांचं. एक तोंड गॅसचं, दुसऱ्याची नळी थेट तळापर्यंत. नवेपणी माझ्यात चेहरा दिसायचा. वीस वर्षं मी अमेरिकेतल्या डुलुथ गावात, एका बोलिंगच्या हॉलमध्ये संत्र्याचा सोडा पाजला. मुलं माझ्यापुढे रांग लावायची. मग सोडा खोक्यांतल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून येऊ लागला आणि मला भंगारात फेकलं. डाव्या अंगाचा पोचा तेव्हाचाच.

हात अजून कडीवर आहे.

भंगारातून मला उचललं ते व्हर्लिन हॉगस्टाडने. तळघरात घरची बिअर करणारा माणूस. तो मला आधी जंतुनाशक पाण्याने काठोकाठ भरतो, हवेला बोटभर जागा ठेवत नाही. मग कार्बन डायऑक्साइड गॅसने ते पाणी ढकलून काढतो. मग आंबवणीच्या भांड्यातली बिअर नळीने हळूच माझ्या तळाशी उतरते आणि माझ्यातला गॅस दुसऱ्या नळीने त्या भांड्यात परत जातो. बिअरला हवा दिसतच नाही. दिसली, की तिच्यात घातलेल्या हॉप्सच्या फुलांचा संत्र्यासारखा वास उडतो, आठवड्याभरात ती तपकिरी पडते, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लागते.

अकरा वर्षं माझी बिअर आळीभर वाखाणली गेली.

मार्चमध्ये त्याला ताप आला. ताप गेला, जाताना नाक घेऊन गेला. हे फक्त मला ठाऊक आहे. तेव्हापासून भरून झालं की तो झाकण उघडतो, नाक आत खुपसतो आणि पुटपुटतो, "काहीच नाही." पुन्हा हुंगतो. हवेला तेवढा वेळ पुष्कळ होतो.

तीन खेपा अशा गेल्या. शेजारचा गॉर्डी ग्लास उंचावून म्हणाला, "वा! हात अजून तोच आहे रे तुझा!" व्हर्लिन वर गेला तशी गॉर्डीने बिअर सिंकमध्ये ओतली. व्हर्लिनची बायको बर्निस बघत होती.

"त्याला सांगू नकोस हं," गॉर्डी म्हणाला.

"तूच सांग ना, एवढा जिवलग आहेस तर!"

कोणीच सांगितलं नाही.

आणि ही चौथी खेप व्हर्लिन-बर्निसच्या मुलीच्या लग्नाची. लग्न नऊ दिवसांवर. दुसरी बिअर कोणी मागवलेलीच नाही.

व्हर्लिनने झाकणावरची गॅस सोडायची कळ ओढली. फुस्स. आता कडी—

"व्हर्लिन! सोड ते!"

बर्निस जिन्यात उभी आहे. "हवा लागू देऊ नका म्हणून जगाला शिकवतोस, आणि उघडतोस कशाला?"

"वास बघतोय."

"मग? येतो?"

तो म्हणाला, "मार्चपासून कसलाच येत नाही गं. कॉफीचाही नाही."

ती पायरीवर बसली. "तिन्ही खेपा पुठ्ठ्यासारख्या लागल्या. गॉर्डीने ओतून दिल्या. मीही."

"आणि माझ्या तोंडावर वा वा?"

"हो."

हात कडीवरून निघाला. पण त्याने तिच्याकडे बघितलं नाही. तिनेच माझ्यात पुन्हा गॅस भरला, दुसऱ्या तोंडाला नळ लावला, ग्लासात घोटभर काढली, हुंगली.

"संत्र्याच्या सालीचा वास."

"हॉप्सचा, का या डबड्यातल्या जुन्या सोड्याचा?"

"हॉप्सचा."

"खोटं नको, बर्निस."

तिने पुन्हा हुंगलं. "हॉप्सचा. शपथ."

मित्रांनो, माझे रबरी वायसर वेळेवर बदला, जुना वास त्यांत मुरतो. झाकण उघडू नका. वास घ्यायचा तर नळातून थोडी काढा, आणि ज्याला वास येतो त्याला विचारा. पण तो खरं बोलेल, एवढं आधी सांभाळून ठेवा. ते खरं बोलणं एकदा आंबलं, की कुठलाही गॅस कामाचा नाही.

व्हर्लिन ग्लास धरून बसलाय. ओठाला लावलेला नाही.

"गॉर्डीला बोलाव," तो म्हणतो. "त्यालाही विचारतो."

बर्निसने हाक मारली, आणि आता जिन्यात गॉर्डीचे बूट वाजतायत.