सुकू दिलेली पट्टी

रंगारी कुठलाही रंग ओला असताना बघायचाच नाही. भिंतीवर पट्टा मारायचा, दुसऱ्या खोलीत कामाला लागायचं, खडखडीत सुकला की मगच गिऱ्हाइकाला हाक. त्यामुळे एचआयव्हीची घरी करायची तपासणी आणली, हिरड्यांवरून पट्टी फिरवली, सोबत आलेल्या औषधाच्या छोट्या बाटलीत उभी केली, आणि पठ्ठ्या गेला शिडी धुवायला. शिडीनंतर ब्रश. ब्रशनंतर डबे.

येऊन बघतो तर एक रेघ ठसठशीत, आणि शेजारी दुसरी! फिकट, अगदी फिकट, पण रंगाऱ्याच्या नजरेतून काय सुटतंय?

दोन रेघा म्हणजे लागण, एवढं त्याला ठाऊक होतं. लग्न ठरलेलं. आधी दोघांनी तपासून घ्यायचं, ही होणाऱ्या बायकोचीच अट. तिचं कालच झालं होतं, काही निघालं नव्हतं.

तो पट्टी फडक्यात गुंडाळून थेट तिच्या लॉन्ड्रीत.

"मोडू या आपण," म्हणाला.

"काय मोडू या? इस्त्री?"

"लग्न."

तिने इस्त्री उभी ठेवली. फडकं सोडून बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं.

"कधी बघितलीस ही?"

"सुकल्यावर."

"सुकल्यावर! अरे शहाण्या, ही काय भिंत आहे? औषधवाला कानीकपाळी ओरडत होता, ठरलेल्या वेळेतच बघा, नंतर दिसेल त्यावर जाऊ नका. तू तेव्हा त्याच्या छताचे पोपडे बघत होतास!"

"म्हणजे मला नाहीये?"

"म्हणजे माहीत नाही. चल दवाखान्यात."

ती पुढे, हा मागे. कोपऱ्यावर याचे पाय अडले.

"अगं, आणि निघालंच तर?"

"तर रोज गोळी घ्यायची. तू विसरशील, मी आठवण करीन, तू चिडशील, आपण भांडू. लग्न करून लोक दुसरं काय करतात? तारीख बदलणार नाही. हॉल मिळत नाही परत."

रंगारी रस्त्यातच हसायला लागला. डोळे पुसत हसत होता येडा.

नर्सबाईंनी बोटाला टोचलं, बाहेर बसवलं. थोड्या वेळाने दारातून सांगितलं, "निगेटिव्ह आहे." बाकावर दोघांची कसलीशी हुज्जत चालली होती. त्यांना पुढे यावं लागलं.

"अहो, निगेटिव्ह आहे म्हटलं!"

"हो, हो, एक मिनिट बाई," रंगारी म्हणाला, "ही म्हणते पलंग खिडकीला लावायचा. तुम्हीच सांगा, पाठीत ऊन नाही येणार?"