उकऱ्या ढेकणांची वाटणी

सूनबाई संग्रहालयाच्या कीटक विभागात रुजू झाली, तेव्हा तिच्या सासऱ्यांना तिथून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. त्याच खोलीत, त्याच डुगडुगत्या टेबलाशी बसून त्यांनी माती उकरणाऱ्या ढेकणांचे सात खण भरले होते. अंथरुणातले ढेकूण ते वेगळे. हे काळे, चकचकीत, मसुराच्या दाण्याएवढे, पायांना काटे असलेले. यांचं सगळं आयुष्य जमिनीखाली मुळं चोखण्यात जातं. सासरे त्यांना लाडाने उकरे म्हणत. सातही खणांवर त्यांनी एकाच कुळाची पाटी लावली होती.

एका मंगळवारी जेवताना सूनबाईने विषय काढला.

"बाबा, तुमचं कूळ मोडावं लागणार."

सासूबाईंचा डाव हवेतच थांबला. "आपलं?"

"ढेकणांचं, आई."

"मग ठीक," म्हणत सासूबाईंनी वाढायला घेतलं. सासऱ्यांचा घास मात्र तोंडातच राहिला.

सूनबाईने जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं. जगभरच्या लोकांनी या ढेकणांची जनुकं तपासली होती. काही उकरे एकमेकांपेक्षा झाडांवरच्या ढेकणांना जास्त जवळचे निघाले होते. सगळ्यांचा पूर्वज एक नसावा. उकरण्याचा धंदा ज्याने त्याने आपापला सुरू केला असावा.

"आणि पायांवरचे काटे?" सासऱ्यांनी विचारलं.

"मातीत राहायचं तर काटे कामाला येतात. ज्याला त्याला वेगवेगळे फुटले असतील."

"फुटले! ते काय गळू आहे? खणताना बघ एकदा त्यांना. एका आजोबाची नातवंडं आहेत ती!"

"निदान त्यांच्यातल्या काही आया पिल्लांजवळ बसून असतात," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही ढेकणांच्या कपाटाजवळ बसलात."

सासरे पाणी पिऊन उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खुरपं घेऊन संग्रहालयाच्या आवारात हजर झाले आणि फुलांच्या वाफ्यात उकिडवे बसून जिवंत पुरावा शोधू लागले. सूनबाई रिकामी बरणी धरून मागे उभी राहिली. तेवढ्यात माळी धावत आला.

"अहो काका, कालच लावली आहेत मी ती रोपं!"

"रोपांना हात लावत नाही. त्यांच्या मुळांशी काम आहे."

माळ्याला हे उत्तर काही धीर देणारं वाटलं नाही. तोही फावडं घेऊन शेजारी बसला आणि सासरे जिथे खुरपं घालतील तिथली रोपं आधीच अलगद बाजूला काढू लागला. अर्ध्या तासात दोघांच्या कोपरापर्यंत माती, नाकाला माती, गुडघ्यांवर मातीची गोल ठिगळं. ढेकूण सापडला तो एकच, आणि त्यानेही सासऱ्यांच्या बाहीवर असा काही वास सोडला की माळी दोन वीत मागे सरकला.

नेमक्या त्याच वेळी नव्या संचालिका आवार बघायला आल्या. कालच रुजू झाल्या होत्या, कुणाला ओळखत नव्हत्या.

"वा!" त्या कौतुकाने म्हणाल्या. "दोघं सख्खे भाऊ ना? तीच पाठ, तेच हात, बसायची ढबही तीच."

सासरे ताडकन उठले. "बाई, आमचा काडीचाही संबंध नाही! रोज माती उकरली की कुणीही असाच दिसतो!"

बोलून झालं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. सूनबाई मोठ्या शहाणपणाने बरणीच्या झाकणाकडे बघत होती.

"काडीचाही नाही?" माळी दुखावून म्हणाला. "इतका वेळ शेजारी बसून खणतोय मी."

सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. "तसं नव्हे हो," ते पुटपुटले आणि खाली बसून एक रोप परत लावू लागले. ते उलटं लावलं होतं. माळ्याने मुकाट्याने सुलटं केलं.

त्या दुपारी सासूबाईंनी त्यांना सदरा बाहेर काढल्याशिवाय घरात घेतलं नाही.

गुरुवारी वाटणी सुरू झाली. सासरे स्वतः चिमटा घेऊन आले. एकेका ढेकणाला "जा बाबा, सुखी राहा," म्हणत ते नव्या खणात पोचवू लागले. दोनदा त्यांनी चष्मा पुसला आणि दोन्ही वेळा धुळीला नावं ठेवली. पिल्लांची राखण करणाऱ्या आयांना खिडकीकडचा खण हवा, असा हट्ट धरला. सूनबाईने तो पुरवला.

शनिवारी संध्याकाळी टेबलावर एकच ढेकूण उरला. तपकिरी, अडीचच पाय शाबूत उरलेला. कुठल्याच खणात बसेना. सूनबाईने चिठ्ठीवर लिहिलं : स्थान अनिश्चित.

"असं लिहिलेलं चालतं?" सासऱ्यांनी विचारलं.

"चालतं की. शास्त्रात मान्य आहे."

"मग याला मोठा खण दे," ते म्हणाले. "एकटा आहे बिचारा. आणि याचे नातेवाईक कधी येऊन टपकतील, सांगता येत नाही."