गागरीच्या बुडातलं भोक

मी एक जुनी तांब्याची गागर आहे, मित्रांनो, आणि माझ्या बुडाला भोक आहे. हे सांगताना आजही मला खरं वाटत नाही. जन्मभर पाणी धरलं, आणि आता माझ्यात डोकावलात तर खालची फरशी दिसेल!

माझा जन्म हिमालयातल्या बागेश्वर जिल्ह्यातला. तिथे सपाट जमीन शोधून सापडत नाही. डोंगर कापून केलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात नाचणी पिकते. पुरुष बहुतेक फौजेत नाहीतर दिल्लीत. घर, गुरं, शेत आणि पाणी सगळं बायकांच्या डोक्यावर. मोहनराम नावाच्या तांबटाने मला घडवलं. दोन भाग ठोकून असे सांधले की एक थेंब गळेल तर शपथ.

मग एका लग्नात मी ईजाची झाले. तिकडच्या बोलीत ईजा म्हणजे आई. तिथली रीत अशी, की नवी नवरी आधी नौल्यावर जाते. नौला म्हणजे झऱ्यावर बांधलेली देवळासारखी दगडी घुमटी. नवरी झऱ्याची पूजा करते, गागर भरते, ते पाणी घरात आणते आणि मगच त्या घरची होते. तेव्हा ईजाला त्या घरची मीच केली, असं मी म्हणते. थोडा गर्व आहे मला, असू दे.

बांजाच्या, म्हणजे पहाडी ओकच्या झाडांचं दाट जंगल होतं तोवर झरा बारमाही वाहिला आणि ईजाने मला रोज डोक्यावरून नेलं. जंगल विरळ झालं, झरा आटला, घरात नळ आला आणि मी गोठ्यात गवताच्या भाऱ्यामागे जाऊन पडले. गरज सरो, वैद्य मरो! गेल्या वर्षी ईजा गेली. तिची मुलगी हंसा आली, तिने मला धुतलं, ईजाच्या साडीत गुंडाळलं आणि थेट जर्मनीत, स्टुटगार्टला नेलं.

हंसाचा नवरा सत्यजित पुण्याचा, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. मुलगी ओवी शाळेत जाते. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. माणसं चांगली आहेत, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही चिडाल.

एकदा हंसा म्हणाली, "सत्यजित, रविवारी ईजाला जाऊन वर्ष होईल. मला गागर लागेल."

"गेनाऊ, अगदी बरोबर. लक्षात आहे माझ्या," तो म्हणाला.

शनिवारी हंसा कामावर गेली. सत्यजितने मला चिंच-मिठाने घासून लख्ख केलं. मी खूश! मग त्याने मला उपडी ठेवलं, बुडाच्या बरोबर मध्यावर पेन्सिलीने खूण केली आणि ड्रिल मशीन लावलं. मशीन सुरू झालं तरी मला वाटत होतं, हा माणूस थांबेल. तो थांबला नाही. माझ्याच तांब्याचा कीस माझ्यासमोर फरशीवर पडला. मला ओरडताही आलं नाही.

हंसा परतली तेव्हा मी टेबलावर होते. तोंडात बल्ब, बुडातून वायर.

"सरप्राइझ!" सत्यजित म्हणाला. "ईजाच्या आठवणीत कायमचा दिवा. वायर अजिबात दिसत नाही, बघ ना!"

हंसा पांढरीफटक पडली. तिने बल्ब काढला, वायर ओढून काढली आणि मला नळाखाली धरलं. पाणी वरून आलं आणि धार धरून खालून गेलं.

"पापा, एस ट्रॉप्फ्ट!" ओवी किंचाळली, आणि धक्क्याने तिला मराठी फुटली. "गळतंय! गागर गळतेय!"

"पण घरात नळ आहे," सत्यजित पुटपुटला. "तू हिच्यात पाणी भरशील असं मला वाटलंच नाही..."

"ईजाने नवरी म्हणून हिच्यातून पाणी आणलं होतं. उद्या मी इथल्या कानस्टाटच्या झऱ्यावरून तिच्यासाठी भरून आणणार होते. मला विचारलं का नाहीस?"

सत्यजित त्या धारेकडे पाहत राहिला.

"भोक पाडलेला घडा मी एकदाच खांद्यावर घेतला होता," तो म्हणाला. "बाबांच्या वेळी. स्मशानात. हंसा, हे काय केलं मी?"

रविवारी हंसाने मला तरीही नेलं. कानस्टाटला जमिनीतून खनिज पाण्याचे झरे येतात आणि लोक बाटल्या भरून नेतात. हंसाने झऱ्याला हळदकुंकू वाहिलं, मला धारेखाली धरलं आणि सत्यजितला म्हणाली, "अंगठा लाव."

एस-बानमध्ये, म्हणजे तिथल्या लोकल गाडीत, लोक टकमका बघत होते. स्टेशनपासून घरापर्यंत दगडी पायऱ्यांचा चढ. काठ हंसाच्या हातात, भोकावर सत्यजितचा अंगठा, आणि तो असा वाकलेला.

"किती जड आहे गं ही!"

"ईजा एकटी न्यायची," हंसा म्हणाली.

सत्यजितने घरापर्यंत अंगठा काढला नाही. थोडं पाणी सांडलं, बाकीचं ईजाच्या फोटोपुढे पोचलं.

"मी हे भोक बुजवून देऊ?" त्याने विचारलं.

"तू नको. उन्हाळ्यात गावी जाऊ, मोहनरामच्या घरी."

मोहनराम आता नाही. मुलगा भट्टी पेटवतो की तोही दिल्लीला गेला, कोण जाणे. तोवर मी कोपऱ्यात रिकामी उभी आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूला नवं रूप जरूर द्या, पण आधी विचारा, ही कुणाची आणि कशासाठी? आम्हाला सांगता येत नाही, पण ज्याला सांगता येतं असं माणूस घरातच असतं. सत्यजितने त्या शनिवारी हंसाला एक फोन केला असता, तर आज माझ्यात पाणी असतं.