लांबवलेला अध्याय

निजामाच्या मुलखातल्या, बेल्याजवळच्या त्या गावात पोथीचा एक दंडक होता. अध्याय सुरू झाला की तो सरेपर्यंत कुणी जागचं उठायचं नाही. एकदा डोमाजीला पोथी ऐकताना विंचू डसला, तर गड्यानं ओठ चावून रक्त काढलं, पण मांडी मोडली नाही. ही गोष्ट गाव पाहुण्यारावळ्यांना छाती फुगवून सांगायचं.

पोथी सांगायचे पांडुरंगराव. आवाज खणखणीत, आणि त्या आवाजाचं सगळ्यांत जास्त कौतुक त्यांना स्वतःलाच. त्यांच्या बायकोला, देवकाबाईला, सगळी पोथी तोंडपाठ होती. पण सांगायचा मान नवऱ्याचा, ती खांबाशी बसून ऐकायची. मागच्या साली युद्धाचा अध्याय लावताना पांडुरंगरावांनी मांडीवर थाप मारून अर्थ सांगितला होता, "अन्याय पाहून जो हत्यार उचलत नाही, तो जिता असून मेलेला." ते ऐकून महिपत आणि त्याचा धाकटा भाऊ उद्धव रझाकारांशी लढायला घराबाहेर पडले. पांडुरंगरावांना तेव्हा फार धन्य वाटलं होतं. शब्दांत केवढी ताकद असते, असं ते चारचौघांत बोलूनही दाखवायचे.

उद्धव पैनगंगेपलीकडे, निजामाच्या हद्दीबाहेर, लढणाऱ्यांच्या कॅम्पात निघाला होता. नदीत उतरतानाच रझाकारांनी त्याला गोळ्या घातल्या. महिपतनं भावाचं फुगलेलं प्रेत स्वतःच्या हातानं गाळातून ओढून काढलं.

या साली दहशतीपायी श्रावणात पोथी लागलीच नाही. भादव्यात हिंदुस्थानची फौज आली, निजामानं हात टेकले, आणि गावानं राहिलेली पोथी मारुतीच्या देवळात भरदुपारी लावली. पांडुरंगराव नेमके युद्धाच्या अध्यायात असताना बाहेर आरडाओरड झाली. महिपत खलील पिंजाऱ्याला केसांना धरून फरफटत आणत होता. गावातल्या एकूणएक गाद्या पिंजून देणारा खलील! त्याचं नाक फुटलं होतं, आणि मांडीवर कुऱ्हाडीचा घाव बसून धोतर लाल झालं होतं. महिपतनं त्याला देवळाच्या पायरीशी आपटलं आणि बरगडीत लाथ घातली. हाड मोडल्याचा आवाज आतपर्यंत आला.

"हा त्यांच्यासंग होता!" महिपत ओरडला. "माह्या भावावर गोळ्या झाडल्या तवा हा तिथीसा उभा होता!"

"जबरदस्तीनं नेलं मले," खलील विव्हळला. "त्याईचे घोडे धरून उभा होतो. पाणी द्या कोनी."

महिपतनं कुऱ्हाड उचलली. मग त्याची नजर उघड्या पोथीवर गेली. दंडक त्यालाही होता. तो पायरीवर बसला आणि कुऱ्हाड मांडीवर आडवी ठेवली.

"सरू द्या अध्याय, गुर्जी. मंग याची मुंडी उडवतो. तुमीच सांगतलं होतं ना, हत्यार उचला म्हनून?"

आपलेच शब्द आपल्या दारात कुऱ्हाड घेऊन बसलेले पाहून माणसाचं जे होईल, तेच पांडुरंगरावांचं झालं. समोरच्या पानावर जेमतेम चार ओव्या उरल्या होत्या. त्या सरल्या की खलीलचं डोकं पायरीवरून गडगडणार.

चार ओव्या सरल्या. पांडुरंगराव थांबले नाहीत. पान उलटल्यासारखं केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मनाची ओवी रचून म्हटली. मग दुसरी, मग तिसरी. सुरुवातीला जीभ अडखळली, पुढे शब्द झरझर येऊ लागले. देवकाबाईनं चमकून मान वर केली. नवऱ्याची चोरी तिनं पहिल्याच ओवीला पकडली होती. पण ती गप्प राहिली, कारण महिपतची मूठ सैल होताना तिला दिसत होती.

"शस्त्र गळालें ज्या हाती । ओठीं लागली रणमाती । पाणी पाजी तया अंती । तोचि शूर जाणावा ॥"

देवळात हुंदके ऐकू आले. पांडुरंगरावांना भरून आलं. एवढं सुंदर आपल्याला सुचतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं! त्यांनी डोळे मिटले, आवाज चढवला, तीच ओवी घोळवून घोळवून म्हटली, तिचा अर्थ सांगितला, वर दृष्टान्त दिला. शूर कोण, वैरी कोण, तहान कुणाची. रंगात आलेल्या माणसाला आवरायचं कुणी? पायरीवरचं विव्हळणं बारीक होत गेलं, ते त्यांना ऐकू आलं नाही. रक्त पायरीवरून उतरून चपलांपर्यंत पोचलं. सगळं गाव हात जोडून, डोळे पुसत, मांडी घालून बसलं होतं.

शेवटी महिपतनं कुऱ्हाड अंगणात भिरकावली आणि तोंड झाकून ढसाढसा रडू लागला. तेव्हा कुठे पांडुरंगरावांनी पोथी मिटली. जिंकलो, असं त्यांना वाटलं.

सगळ्यांच्या आधी महिपत उठला. देवापुढचा तांब्या घेऊन तो धावला, खलीलचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाणी तोंडात ओतलं. पाणी गालावरून ओघळून खाली सांडलं. त्यानं पुन्हा ओतलं, गालावर चापट्या मारल्या, "ए खलील, पे ना रे," म्हणून हाका मारल्या. डोमाजीनं नाकाशी बोट धरलं आणि मान हलवली.

देवकाबाईनं खलीलच्या मांडीवरचा घाव पाहिला. तिच्या पदराची एक पट्टी करकचून बांधली असती, तर भागलं असतं.

"अध्याय कवाचाच सरला होता," ती हळूच नवऱ्याला म्हणाली. "मले मालूम होतं. म्या काऊन उठली नाई?"

महिपतनं ओला चेहरा वर केला. भावाला गाळातून काढलं तेव्हाही तो असा दिसला नव्हता.

"गुर्जी, ते पान्याची ओवी पुन्हा सांगा ना," तो म्हणाला. "ध्यानात ठेवतो म्या. जलमभर ठेवतो."

पांडुरंगरावांनी तोंड उघडलं. त्यांना ती आठवेना.